राडारोड्यातून बाग : कमी पैशांतल्या पुनरुद्धाराचे शास्त्र

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सदस्यांना अटक करून अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव आणि जवाहरलाल नेहरू त्यांत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या अगदी सुरुवातीच्या पानांत, १३ एप्रिल १९४४ या तारखेखाली, तिथल्या आपल्या बागकामाविषयी लिहिले आहे. ऊन तापलेले असतानाही ते तासन्‌तास खणत आणि फुलांचे वाफे तयार करत. जमीन मात्र फार वाईट होती. दगडगोटे, आधीच्या बांधकामांचा राडारोडा आणि त्याखाली जुन्या वास्तूंचे अवशेष. खणता खणता पुरलेल्या भिंती आणि घुमटांचे माथे लागत. एकदा एका भिंतीवर कोरलेले दगडी कमळ हाती लागले. खोल खणायची परवानगी नव्हती आणि तेवढी साधनेही नव्हती. आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांतही या अंगणातल्या फुलझाडांचा विषय येतो.

हा प्रसंग एरवी स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात वाचला जातो. बागेच्या दृष्टीने पाहिले, तर पैसा नाही, यंत्र नाही, मजूर नाहीत, माती बाहेरून आणायची सोय नाही आणि जमिनीत चारशे वर्षांचा मलबा, अशा अटींवर बाग उभी करण्याची ही नगर जिल्ह्यातली नोंदवलेली घटना आहे. अटी इतक्या कडक असल्यामुळे एक गोष्ट आपोआप झाली. अख्खे अंगण साफ करण्याचा विचार कोणाला परवडणाराच नव्हता. जिथे झाड लावायचे तेवढीच जागा खणली गेली, सुधारली गेली; बाकीचा मलबा होता तिथेच राहिला. कमी पैशांत बाग परत मिळवण्याचे सगळे शास्त्र या सक्तीच्या शहाणपणाभोवती मांडता येते. पैसा रोपांवर फार जात नाही, खतावरही जात नाही. तो जातो माती आणि मलबा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्यात. म्हणून किती साफ केले यापेक्षा किती हलवावे लागले नाही, हा हिशेब आधी मांडायला हवा.

बाग मरते कशी

कचरा हे बाग मेल्याचे कारण क्वचित असते. बहुतेक वेळा तो परिणाम असतो. नगरपासून जवळच असलेला फराहबाग पाहा. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास पुरा झालेला हा महाल मोठ्या तलावाच्या मधोमध उभा केला होता. निजामशाहीने नगरभोवतीच्या टेकड्यांकडून खापरी नळांनी पाणी आणले, शहराला दिले, बागांना दिले. नळ फुटले, पाणी थांबले आणि आज महालाभोवतीचा तलाव कोरडा आहे. अवर्षणाच्या पट्ट्यात बागेचा मृत्यू बहुधा याच क्रमाने होतो. आधी पाणी द्यायला माणूस उरत नाही, मग झाडे वाळतात, मग जागा ओसाड दिसू लागते, आणि ओसाड दिसणाऱ्या जागेत पिशवी टाकताना कोणाचा हात अडत नाही.

नगरच्या सावेडी, केडगाव, बोल्हेगाव या भागांतल्या वसाहतींमध्ये ले-आउटची ‘ओपन स्पेस’ असते. कागदावर ती बाग असते. प्रत्यक्षात शेजारच्या प्लॉटचे बांधकाम सुरू झाले की विटांचे तुकडे, प्लास्टरची खपली, फुटक्या फरशा तिथे येऊन पडतात. त्यावर गाजरगवत उगवते, गाजरगवतात घरचा कचरा येतो. जुन्या नगरात, माळीवाड्यात किंवा चितळे रोडच्या आतल्या गल्ल्यांत, प्रकार वेगळा. तिथे वाडा पडतो आणि त्याचे परसच मलब्याखाली जाते.

यावरून पहिला नियम निघतो. नवा कचरा येण्याची वाट बंद होईपर्यंत जुना कचरा उचलू नये. हे ऐकायला सोपे आहे, पण स्वच्छता मोहिमा नेमक्या इथेच फसतात. एका रविवारी पन्नास माणसे जमतात, ट्रॉल्या भरतात, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत जागा पुन्हा होती तशी होते. कुंपणाला पैसे नसतील तर जागेवरच उगवलेली वेडी बाभूळ तोडून तिच्या फांद्यांचे काटेरी कुंपण घालावे. फुकटात मिळते आणि एक-दोन वर्षे टिकते. फांद्यांना शेंगा असतील तर त्या आधी काढून घ्याव्यात, कारण शेंगा शेळ्या खातात आणि बी गावभर पेरतात. कुंपणाच्या आतून सागरगोटा किंवा चिलार लावली की फांद्या कुजेपर्यंत जिवंत कुंपण तयार होते. कचरा टाकला जातो तो कोपरा मात्र काट्यांनी बंद करू नये. तिथेच फाटक करावे, दिवा लावावा. लोक टाकायला येतात ती वाट जाण्यायेण्याची झाली की टाकणे कमी होते.

ढीग एक नसतो

दुसरे काम निदानाचे. वरून एकच दिसणारा ढीग आत निदान चार प्रकारच्या वस्तूंचा असतो आणि त्या चारांचे भवितव्य वेगळे असते. कुजणारा माल, म्हणजे पालापाचोळा, गवत, शेण, लाकूड. न कुजणारा पण निरुपद्रवी माल : दगड, विटा, मुरूम, जुने प्लास्टर. विकला जाणारा माल, म्हणजे लोखंड, पत्रा, काचेच्या आणि पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा. आणि धोकादायक माल : ट्यूबलाइट, बॅटरी, औषधांच्या बाटल्या, सुया, रंगाचे डबे आणि जुने सिमेंटचे पत्रे. या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. ते फोडू नयेत, करवतीने कापू नयेत. ओले करून अख्खेच उचलावेत. हा चौथा प्रकार मापाने सर्वांत कमी, पण बाहेर जायलाच हवा असा एवढाच असतो.

भंगारवाल्याला सर्वांत आधी बोलवावे. बरेचजण त्याला शेवटी आठवतात, तोपर्यंत जेसीबीने सगळे एकत्र कालवलेले असते आणि विकण्याजोगे काही उरत नाही.

ढिगात हात घालायची वेळ फेब्रुवारी-मार्चची. गवत वाळलेले असते, जमीन कोरडी असते, आत काय आहे ते दिसते. पण याच काळात विटांच्या फटींत विंचू असतो आणि पालापाचोळ्याखाली घोणस किंवा फुरसे असू शकते. म्हणून वीट हाताने उचलायची नाही. आधी दाताळ्याने किंवा पहारीच्या टोकाने आपल्या दिशेने उलटवायची, म्हणजे खालचा जीव आपल्याकडे न येता पलीकडे निघून जातो. पायात गमबूट, हातात जाड मोजे आणि धनुर्वाताची लस आधीच घेतलेली. हा खर्च टाळण्यात काटकसर नाही.

वरचा थर निघाला की जागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच खड्डे घ्यावेत, प्रत्येकी दीड फूट खोल. खड्ड्याची भिंत खुरप्याने खरडून सरळ केली की थर स्पष्ट वाचता येतात. वर कचरा, मग विटांचे तुकडे, कुठे काळसर राखेची रेघ, खाली मूळची काळी माती किंवा मुरूम. राखेची रेघ महत्त्वाची. तिथे कधीतरी कचरा जाळला आहे, आणि वायर-प्लास्टिक जाळलेल्या राखेत शिसे, कॅडमियम यांसारखे धातू राहू शकतात. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये कळतात. हे धातू कळत नाहीत. तेव्हा राखेचा पट्टा फुलझाडांना द्यावा, पालेभाजी आणि मुळा-गाजर तिथे लावू नये. बाकीच्या मातीचे नमुने बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात द्यावेत. परीक्षणाचा खर्च एका ट्रॉली मातीपेक्षा कमी असतो आणि तो अहवाल अनेक ट्रॉल्या वाचवतो.

त्याच खड्ड्यांत दुसरी परीक्षाही होते. खड्डा पाण्याने भरावा, पूर्ण जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासाभराने पातळी किती उतरली ते पट्टीने मोजावे. एक ते तीन इंच उतरली तर निचरा ठीक. अर्धा इंचही न उतरली तर खाली ट्रकच्या चाकांनी दाबलेला थर आहे. तो पहारीने फोडल्याशिवाय वर कितीही खत घातले तरी पावसाळ्यात मुळे कुजणार.

ब्रासचे गणित

आता हिशेब. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर सरासरी अर्धा फूट मलबा असेल तर ५४४ घनफूट, म्हणजे साडेपाच ब्रास होतो. पण खणलेला मलबा फुगतो. भरताना तो सात ब्रासच्या आसपास जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास धरला तर सात खेपा बाहेर. मग रिकाम्या जागेवर नऊ इंच गाळाची माती पसरायची म्हटले तर आठ ब्रासहून थोडी जास्त, म्हणजे आठ खेपा आत. एकूण पंधरा खेपा, शिवाय जेसीबीचे तास. खेपेचा दर गावागणिक आणि डिझेलच्या भावागणिक बदलतो, म्हणून इथे रुपये लिहीत नाही. वाचकाने आपल्याकडचा दर पंधराने गुणून पाहावा.

किल्ल्यातल्या पद्धतीने गेले तर काय होते? गुंठ्यात दोनशे चौरस फुटांचे वाफे आणि दहा झाडांचे खड्डे पुरेसे आहेत. उरलेली जागा वाटा, कट्टा, सावली आणि गवत. वाफ्यांना एक फूट खोल माती धरली तर दोन ब्रास. त्यातले एक तृतीयांश खत. दोन फूट लांब-रुंद-खोल असे दहा खड्डे म्हणजे ८० घनफूट, पाऊण ब्रासपेक्षा किंचित जास्त. त्यातली निम्मी माती जागेवरच चाळून मिळते. बाहेरून आणायची माती दोन ब्रासच्या आत राहते. धोकादायक आणि अगदी निरुपयोगी मालाची एक खेप बाहेर. म्हणजे पंधराच्या जागी तीन खेपा. उरलेला मलबा वाटांच्या खाली सोलिंग म्हणून, वाफ्यांच्या कडेला, कट्ट्याच्या भरावात आणि खतटाकीच्या भिंतीत जातो.

चंदीगडचे नेकचंद सैनी यांनी १९५७ पासून नेमके हेच मोठ्या प्रमाणावर केले. नवे शहर वसवताना पाडलेल्या गावांचा मलबा, फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे यांतून त्यांनी सरकारी जंगलजमिनीवर गुपचूप बाग उभी केली आणि १९७६ मध्ये ती अधिकृतपणे लोकांसाठी उघडली गेली. ते स्वतः बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते, त्यामुळे मलबा वाहून नेण्याचा खर्च काय असतो हे त्यांना चांगलेच ठाऊक असणार. आपल्याला रॉक गार्डन करायचे नाही. पण मलबा हे बांधकामाचे साहित्यच आहे, ही दृष्टी तिथून घेण्यासारखी आहे.

चुना, नगरच्या जमिनीचा जुना शत्रू

मलब्याचा सर्वांत मोठा दोष त्याच्या दगडांत नाही, चुन्यात आहे. हा भाग थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण नगरकडची माती आधीच चुनखडीयुक्त आहे. बेसाल्ट खडकापासून झालेली, कमी पावसामुळे चुना धुऊन न गेलेली ही माती सामूने आठच्या पुढे असते. त्यात प्लास्टरचा चुरा मिसळला की लोह आणि जस्त मातीत असूनही झाडाला मिळत नाहीत. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊस उत्पादक यालाच केवडा पडला म्हणतात. जास्वंद, मोगरा, अनंत यांवर तो लगेच दिसतो.

एक घरगुती तपासणी आहे. चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकावे. फेस येऊन चरचर आवाज झाला तर चुना भरपूर. मात्र नगरमध्ये ही परीक्षा फसवी ठरू शकते, कारण इथल्या कोऱ्या शेतातल्या मातीतही चुनखडीचे खडे असतात आणि तीही फेसाळते. म्हणून मलब्याखालची माती आणि शेजारच्या न बिघडलेल्या जागेतली माती अशा दोन बशा शेजारी ठेवून तुलना करावी. दोन्हींचा फेस सारखाच असेल तर मलब्याने फार बिघडवलेले नाही.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. शंभर वर्षांच्या पडक्या वाड्याचा मलबा गेल्या वर्षी फोडलेल्या स्लॅबच्या मलब्यापेक्षा बागेला कमी घातक असतो. ताज्या सिमेंटच्या चुऱ्याचा सामू अकराच्या पुढे जातो. जुना चुना हवेतल्या कर्बवायूशी संयोग पावून चुनखडी बनलेला असतो आणि चुनखडीच्या मातीचा सामू सव्वाआठच्या आसपास अडकून राहतो. त्यात वाड्यांच्या भिंतींत आणि माळवदावर पांढरी माती असे. गावठाणातली ही पांढरी माती पूर्वी शेतकरी खत म्हणून शेतात नेत, कारण माणसे-जनावरे पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याने तिच्यात स्फुरद साठलेला असतो. तेव्हा माळीवाड्यातले परस आणि सावेडीतला प्लॉट यांना एकच औषध लागू होत नाही. वाड्याचा बारीक चाळ वाफ्यात थोडा चालतो; स्लॅबचा चुरा वाटेखालीच घालावा.

सामू खाली आणण्यासाठी लोक जिप्सम घालतात. जिप्सम सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीला उपयोगी. चुनखडीच्या जमिनीचा सामू त्याने उतरत नाही. चुनखडीवर खरा उपाय म्हणजे भरपूर कुजलेले खत, वाफ्यापुरते गंधक आणि हिराकस. हिराकस थेट मातीत टाकला तर काही दिवसांतच चुना त्याला पुन्हा बांधून टाकतो; शेणखतात मिसळून, ओलावून, काही दिवस मुरवून दिला तर टिकतो. पाने पिवळी पडलीच तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडे सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी फवारावे. एवढे करून अनंत लावण्याचा हट्ट धरणारे लोक मी पाहिले आहेत. अनंत कुंडीत लावावा आणि जमिनीत कण्हेर लावावी, हे माझे मत.

तण

तणांत तीन शत्रू मुख्य आहेत. गाजरगवत महाराष्ट्रात १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले. एक झाड हजारो बिया टाकते, म्हणून फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना मुळासकट उपटणे हाच स्वस्त उपाय. अंगावर चट्टे उठतात, म्हणून मोजे हवेतच. त्याच्या पानांवर पांढरट पिवळ्या रंगाचा, काळ्या रेघांचा भुंगेरा दिसला तर तो मारू नये. तो मेक्सिकन भुंगेरा खास गाजरगवतासाठीच १९८० च्या दशकात भारतात आणला गेला आहे.

लव्हाळा आणि हरळी वेगळ्या. त्यांचे बळ जमिनीखालच्या गाठींत आणि मुळ्यांत असते. पावसाळ्यात खुरपले की गाठी तुटतात आणि एकाच्या चार होतात. एप्रिल-मेमध्ये कुदळीने ढेकळे उलटी करून उन्हात टाकली तर गाठी वाळून मरतात. नगरचा उन्हाळा या एका कामासाठी वरदान आहे. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली तर बुडख्यातून दहा फुटवे फुटतात. बुंध्याभोवती वीतभर खोल खणून तिथून तोडावी. हे कष्टाचे काम आहे, पण एकदाच करावे लागते.

काहीही जाळू नये. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. तो कायद्याचा भाग झाला. बागेचा भाग असा की जाळलेला प्रत्येक पाचोळा हे गेलेले खत असते.

खत जागेवरच

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी काढलेली खताची टाकी मलब्याच्या बागेला फार सोयीची आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी ठिकठिकाणी भोके. त्यांच्या हिशेबात सुमारे चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, शंभर किलोच्या आत शेण आणि सतराशे किलोंच्या पुढे माती थरांनी भरतात. वरून शेणमातीने लिंपतात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. शेण कमी लागते, हा याचा मोठा गुण. शहरात शेणच मिळत नाही.

आपल्या दृष्टीने दुसरा गुण मोठा. भिंत जाळीदारच हवी असल्याने तुकडे पडलेल्या, अर्ध्या विटाही चालतात आणि त्या गाऱ्यात रचता येतात. म्हणजे मलब्यातल्या विटा टाकीत जातात, टाकीत माती लागते ती चाळलेल्या मलब्यातून येते आणि काडीकचरा ढिगातून. बाहेरून येते फक्त शेण. लव्हाळ्याच्या गाठी आणि फुलावर आलेले गाजरगवत तेवढे टाकीत घालू नये. या टाकीत उष्णता फार वाढत नाही, ते मरत नाहीत.

काडीकचरा कमी पडला तर आपल्या जिल्ह्यात उसाचे पाचट आहे. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून हा जिल्हा साखरेचा झाला आणि पाचटाचाही. अनेक शेतकरी अजून ते पेटवून देतात. गाडी घेऊन गेले तर पुष्कळदा फुकट मिळते. पाचटात कर्ब-नत्राचे प्रमाण शंभरास एकच्या आसपास असते, कुजायला ते तिसास एकच्या जवळ हवे. म्हणून नुसते पाचट वर्षभर तसेच पडून राहते. शेणकाला किंवा थोडा युरिया शिंपडल्यावर ते चालू लागते. न कुजवलेले पाचट वाया मात्र जात नाही, ते आच्छादन होते.

पाणी

नगर शहराच्या भागात वर्षाला साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत हजारोंनी मोजावा इतका. एकाच जिल्ह्यात हे दोन टोकांचे पाऊस असल्याने पुस्तकातला पाण्याचा सल्ला इथे सरसकट लावता येत नाही. नगरच्या गुंठ्याचे गणित असे : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर पाणी. पाचशे मिलिमीटर म्हणजे पन्नास हजार लिटर. बाग जगवायला हे पुरून उरते, पण ते चार महिन्यांत येते आणि दाबलेल्या मलब्यावरून वाहून जाते. म्हणून वाटा वाफ्यांपेक्षा चार इंच उंच कराव्यात आणि उतार वाफ्यांकडे द्यावा. वाटांखाली विटांचे सोलिंग आहे, तिथे मुरलेले पाणीही शेजारच्या मुळांना मिळते.

उन्हाळ्यात काय? दहा रोपांना आठवड्यातून दोनदा पंधरा लिटर धरले तर आठवड्याला तीनशे लिटर. मार्च ते मध्य जून अशा पंधरा आठवड्यांत साडेचार हजार लिटर. हे कोणालाही झेपते. दोनशे चौरस फुटांच्या फुलवाफ्यांना मात्र त्या उन्हात रोज नव्वद-शंभर लिटर लागतात. तेवढे पाणी नगरच्या मे महिन्यात फुलांवर घालणे मला पटत नाही. वाफे जून ते फेब्रुवारी फुलवावेत आणि उन्हाळ्यात मोकळे ठेवावेत. त्या काळात ओलवून त्यांवर पारदर्शक प्लास्टिक ताणून सहा आठवडे ठेवले की वरच्या थरातले तणाचे बी आणि रोगाची बुरशी बरीच मरते. झाडांशेजारी न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले तर पाणी झिरपत मुळाशीच जाते. न्हाणीचे पाणी केळी-अळू-कर्दळीला द्यावे; साबणाचा सोडियम आपल्या जमिनीला नको आहे, म्हणून ते सगळ्या बागेत फिरवू नये.

लावायचे काय

यादी लांबवत नाही. चुना आणि कोरडेपणा दोन्ही सोसणारी झाडे : कडुनिंब, करंज, चिंच, शेवगा, सीताफळ, बोर, डाळिंब, अंजीर. फुलांत कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, झेंडू. झेंडू आणि शेवंती नगर-पारनेर तालुक्यांत शेतातच होते, त्यामुळे रोपे स्वस्तात मिळतात आणि हवामान मानवते. बियांसाठी पाकिटांवर पैसे घालवण्याआधी कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे काम पाहावे. अकोले तालुक्यातल्या या बाईंनी वाल, घेवडे, पालेभाज्या यांचे स्थानिक वाण जपून बीज बँक उभी केली, परसबागा उभ्या केल्या, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. स्थानिक वाण पुढच्या वर्षी स्वतःचेच बी देते, संकरित वाणाचे बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. तुटपुंज्या पैशांच्या बागेत हा फरक दुसऱ्या वर्षापासून जाणवतो.

झाडे आधी लावावीत, पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच. वाफे त्यानंतर. वाटांच्या फरशा आणि कट्ट्याचे प्लास्टर मात्र निदान एक पावसाळा जाईपर्यंत करू नये. मलब्यात अडकलेला पाला आणि लाकूड कुजते, पोकळ्या भरतात आणि जमीन कुठे दोन, कुठे सहा इंच खचते. पहिल्या वर्षी घातलेली फरशी हमखास हलते आणि तिच्या फटीतून लव्हाळा वर येतो. तोपर्यंत सोलिंगवर नुसता मुरूम दाबून ठेवावा आणि ऑक्टोबरमध्ये जिथे जिथे पाणी साचलेले दिसले होते तिथे तो आणखी टाकावा.